गोव्यातल्या वर्कशॉपला हीटर कशाला?

श्रोतेहो, नमस्कार.

गोव्यात बसून कुणी हीटरवर बोलायला लागलं तर लोक हसणारच. पणजीत जानेवारीच्या रात्रीही पारा विसाच्या आसपास रेंगाळतो, त्यामुळे कुडकुडतो म्हणून गॅरेज तापवायची पाळी आपल्यावर यायची नाही. पण गाडी अंगणात काढून गॅरेजात सुतारकामाचं टेबल मांडलेली मंडळी गावोगावी आहेत, आणि त्यांना मी हीटरचा विचार करा असंच सांगणार आहे. ही ऊब हत्यारांना हवी असते, मिरगापासून चवथ उलटेपर्यंत.

जुलैत रंध्याचं पातं काढून उजेडात धरा. शेवटचं वापरताना जिथे अंगठा टेकला होता, तिथे रेषान् रेषा मोजता येईल असा तांबूस ठसा उमटलेला दिसेल. घामातलं मीठ आणि हवेतली ओल, दोघांनी मिळून केलेलं काम. पॉलिश पेपर सादळून मऊ पडतो, फर्निचरवर मारलेलं पॉलिश पांढरट होतं, आणि उन्हाळ्यात अगदी मापात बसवलेला ड्रॉवर आषाढात हलायचं नाव घेत नाही.

याचं कारण सापेक्ष आर्द्रतेत आहे, म्हणजे हवा जास्तीत जास्त जेवढी वाफ धरू शकते त्याच्या किती टक्के वाफ तिच्यात आहे यात; आणि हवा जितकी गरम, तितकी ती जास्त वाफ धरू शकते. पावसाळ्यात आपल्याकडे ती ८५-९० टक्क्यांवर सहज जाते, आणि साधारण ६० टक्क्यांच्या वर गेली की लोखंडावर गंज भराभर चढतो. आता २५ अंशांची, ९० टक्के आर्द्रतेची हवा घ्या आणि ती फक्त ३० अंशांपर्यंत गरम करा. तिच्यातलं पाणी एक थेंबही कमी झालेलं नसतं, पण आर्द्रता ६७ टक्क्यांवर येते. ३२ अंशांपर्यंत नेली तर ६० वर. म्हणजे गंज अडवायला भट्टी लागत नाही; पातं भोवतालच्या हवेपेक्षा पाच-सात अंशांनी कोमट राहिलं की पुरे.

मग अख्खं गॅरेज तापवायचं कशाला? चिऱ्यांच्या भिंती ओल पिऊन बसलेल्या असतात, शटरखालून दमट हवा येतच राहते, आणि ३२ अंशांत रंधा मारणाऱ्या माणसाला जो घाम फुटतो तो पुन्हा हत्यारांवरच पडतो. दोन हजार वॅटचा हीटर तासाला दोन युनिट खातो. त्याउलट हत्यारांच्या बंद कपाटात ४० वॅटचा जुना, तारेचा बल्ब दिवस-रात्र पेटता ठेवला तर चोवीस तासांत जेमतेम एक युनिट जातं. आपल्याकडे पावसाळ्यात कपड्यांच्या कपाटात बल्ब लावतात ना, तीच युक्ती. पेटीएवढ्या लहान कपाटाला झिरोचा बल्ब चालतो. नावाला झिरो, पण तो जुना काचेचा बल्ब बारा-पंधरा वॅट घेतोच. एलईडीवर मात्र भिस्त ठेवू नका. ऊब वॅटवर ठरते, आणि एलईडीला वॅटच कमी. बल्ब कपाटाच्या तळाशी, पक्क्या होल्डरमध्ये, भोवती जाळी लावून बसवा. भुसा, चिंध्या, कागद त्याच्या आसपास नकोत. कपाटाला वर-खाली दोन-चार भोकं ठेवा, म्हणजे ओल बाहेर पडेल.

कपाटात न मावणारं यंत्र असेल, लेथ किंवा टेबल सॉ, किंवा लाकूडच कोरडं ठेवायचं असेल, तर माझं मत सरळ डीह्युमिडिफायरच्या बाजूने आहे. थंड नळ्यांवर हवेतल्या वाफेचं पाणी करून ते टाकीत जमा करणारं हे यंत्र आपल्या उबदार हवेत उत्तम चालतं. थंड मुलखात त्याच नळ्यांवर बर्फ धरतो. शिवाय ते खाल्लेली वीज उष्णतेच्या रूपाने खोलीतच सोडतं, म्हणजे थोडंसं हीटरचं कामही होतं. मात्र आधी शटरच्या फटी रबरी पट्टीने बुजवा, नाहीतर ते बिचारं अख्ख्या गावाची हवा सुकवत बसेल.

आणि तरीही हीटरच घ्यायचा असेल तर तेल भरलेला घ्या, रेडिएटरसारख्या पात्यांचा. तो हळू तापतो, पण त्यात लाल झालेली तार उघडी नसते. गॅरेजात स्कूटर उभी असते, कोपऱ्यात थिनरचा डबा असतो, आणि पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असल्याने जमिनीलगत पसरते. अशा जागी लालबुंद नळ्यांचा हीटर खाली मांडणं म्हणजे आगीला आमंत्रण. पंख्याचा हीटर लाकडाचा बारीक भुसा आत ओढून तारेवर जाळतो. वास आला की समजायचं.

गॅसचा हीटर तर घेऊच नका. बंद जागेत कार्बन मोनॉक्साइड साचतो आणि त्याला वास नसतो, हे कारण एकटंच पुरेसं आहे. पण आपल्या कामापुरतंही पाहा: एक किलो गॅस जळला की साधारण दीड किलोहून जास्त पाणी वाफ होऊन हवेत मिसळतं. घरगुती १४.२ किलोचा सिलिंडर संपेपर्यंत बावीस लिटरच्या आसपास पाणी. ज्याला बाहेर काढायचं, त्यालाच आपण पैसे मोजून आत घ्यायचं!

विजेचं थोडक्यात. दोन हजार वॅटला जवळजवळ नऊ अँपिअर लागतात, तेव्हा दिव्याच्या लहान सॉकेटवर किंवा एक्स्टेंशन बोर्डवर तो हीटर लावू नये. सोळा अँपिअरचा वेगळा पॉइंट हवा, अर्थिंग तपासलेलं हवं, आणि ओल्या भिंतींच्या जागी ३० मिलिअँपिअरचं आरसीसीबी, म्हणजे वीज गळू लागताच ती तोडणारं बटण, हवंच. वस्तूवर आयएसआयचं चिन्ह बघा.

खरेदीच्या आधी मात्र एक डिजिटल आर्द्रतामापक आणा. काही शे रुपयांत मिळतो. तो आठवडाभर कपाटात ठेवा, मग आठवडाभर बाहेर, आणि आकडे लिहून काढा. कपाटात साठच्या आत राहत असेल तर तुम्हाला काहीच घ्यायला नको.

राहिला प्रश्न वीज गेल्यावर काय, आणि पावसात ती जाणारच. कपाट उघडू नका, आतली ऊब काही वेळ टिकते. पात्यांना आधीच शिलाई मशीनच्या तेलाचा पातळ हात फिरवलेला असू द्या, आणि हत्यारांच्या पेटीत सिलिका जेलच्या पुड्या टाका. रंग पालटला की मंद आचेवर कढईत दाणे परतून घ्या, पुन्हा कामाला येतात.

नमस्कार.