मूठ, मग चिमूट

(दृश्य: स्वयंपाकघराची फरशी. वर्तमानपत्रावर मटारचा ढीग, शेजारी स्टीलचं ताट.)

डिसेंबरातली सकाळ. नाशिकची थंडी म्हणजे आजीच्या पायांत मोजे आणि मोज्यांवर चपला. काल बुधवार होता, गंगेवरच्या बाजारातून दोन किलो मटार आले. बाहेरगावच्या प्रेक्षकांसाठी सांगते, गोदावरीला आम्ही नाशिककर गंगाच म्हणतो.

आता या हातांकडे बघा. माझ्या लेकीचे आहेत, वय साडेतीन वर्षं. पहिली शेंग तिने मुठीत दाबली. शेंग चेपली, दाणे आतच. दुसरी दातांनी उघडायला गेली, तोवर आजी म्हणाली, "अगं बयो, नख लाव. शिवणीवर. हं, आता दाब."

(क्लोज-अप: अंगठ्याचं नख, शेंगेची शिवण.)

टक्. शेंग उघडली. डावा हात शेंग धरून स्थिर, उजव्या हाताचा अंगठा आतून सरकतोय, दाणे टपटप ताटात. दोन हात, दोन वेगळी कामं. वरून सोपं वाटतं, पण एका हाताने गप्प राहायचं आणि दुसऱ्याने काम करायचं, हे शिकायला मुलांना वर्षं लागतात.

मराठीत मापंसुद्धा हाताचीच: चिमूट, मूठ, पसा, ओंजळ, वीत. बाळाच्या हाताचा प्रवास यातल्या मुठीपासून सुरू होतो. नवजात बाळाच्या तळव्यात बोट ठेवलं की ते घट्ट धरतं. ते धरणं आपोआप होतं, बाळाच्या मर्जीने नाही, आणि साधारण चार ते सहा महिन्यांत ते जातं. मग बाळ वस्तू अख्ख्या पंजाने ओढून घ्यायला लागतं. नऊ ते बारा महिन्यांच्या आसपास अंगठा आणि तर्जनी टोकाला टोक लावून भेटतात. चिमटी जमली! हे तेच दिवस, जेव्हा फरशीवर सांडलेली मोहरी आईला दिसत नाही आणि बाळाला बरोबर दिसते.

इथे माझं एक दुखणं सांगून टाकते. लेक ज्या बालवाडीत जाते तिथल्या वहीत या महिन्यात शेरा आला, 'पेन्सिल नीट धरत नाही, घरी सराव घ्यावा.' सोबत 'अ' च्या दोन पानांचा गृहपाठ. मी शहाण्यासारखी तिला पाटावर बसवलं. चौथ्या 'अ' ला तिने पेन्सिल टाकली आणि म्हणाली, "आई, हात दमला."

तिचं खरंच होतं. मनगटात आठ छोटी हाडं असतात. जन्माच्या वेळी ती कूर्चेचीच असतात, एक्स-रेत दिसतही नाहीत. पुढे एकेक करून त्यांचं हाड होत जातं. सगळ्यात शेवटी येतं ते करंगळीच्या बाजूचं, पिसिफॉर्म नावाचं. त्याला साधारण आठ ते बारा वर्षांचं वय उजाडतं. पिसिफॉर्म म्हणजे लॅटिनमध्ये 'मटाराच्या आकाराचं'. लेकीच्या ताटात मटार आहेत, मनगटातला मटार अजून यायचाय.

(दृश्य: कागदावर लेकीने काढलेले गोल.)

मुलांना साधारण तिसऱ्या वर्षी बघून गोल काढता येतो, चौथ्या वर्षी फुली, त्रिकोण पाचव्याच्या पुढेमागे. 'अ' मध्ये वळणं आहेत, आडवी रेघ आहे, उभा दंडही आहे. फुली जमण्याआधी हे सगळं एकत्र मागायचं म्हणजे पोळी लाटता न येणाऱ्याला पुरणपोळी करायला लावण्यासारखं. मी वही मिटून ठेवली आणि आजीच्या ताब्यात लेक दिली.

आजीकडे अभ्यासक्रम नाही, कामं आहेत. पोळ्यांच्या वेळी कणकेचा एक गोळा लेकीचा. तो ती कुस्करते, वळते, पाटावर थापते. तळव्यातले बारीक स्नायू असेच भरतात. गच्चीत रुमाल वाळत घालायचे, त्यांना चिमटे लावायचे. कपड्यांचा चिमटा उघडायला तीन बोटांचा जोर लागतो, तीच तीन बोटं पुढे पेन्सिल धरणार. छोटं फडकं पिळताना दोन्ही मनगटं उलट्या दिशांना फिरतात. बरणीचं झाकण उघडणं हीसुद्धा त्यातलीच कसरत. माझं आवडतं म्हणजे झारा आणि परकराची नाडी. झाऱ्याच्या एका भोकातून नाडी घालायची, दुसऱ्यातून काढायची. अर्धा तास घरात शांतता.

(क्लोज-अप: रांगोळीची चिमटी.)

आणि रांगोळी. चिमटीतून बारीक धार सोडायची, अंगठा हलकेच पुढे सरकवत. जास्त दाबलं तर रेघ तुटते, सैल सोडलं तर ढीग पडतो. लेकीचे सध्या सगळे ढीगच पडतात. आजी त्यांना 'डोंगर' म्हणते आणि बाजूने गंगा काढते.

आजीच्या लहानपणी दारात लग्न असलं की बायका जमून गव्हले वळायच्या. रव्याचं घट्ट पीठ, दोन बोटांत वळून गव्हाच्या दाण्याएवढं करायचं. मुलींच्या हातीही थोडं पीठ यायचं. आता गव्हले पाकिटात मिळतात, मटार सोललेले मिळतात, लसूणसुद्धा. माझा वेळ वाचतो, मला तक्रार नाही. पण त्या वेळेबरोबर लेकीच्या बोटांचं कामही पाकिटात गेलं, हे माझ्या उशिरा लक्षात आलं.

जाणकारांनी हे कधीच ओळखलं होतं. मारिया मॉन्टेसरींनी १९०७ साली रोममध्ये पहिलं बालघर उघडलं. त्यांच्या पद्धतीत मुलं पाणी ओततात, गुंड्या लावतात, पुसतात, झाडतात. आपल्याकडे ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ पासून पालघरकडच्या बोर्डी गावात बालशिक्षणाचं काम केलं, पुढे जवळच्या कोसबाडला. महागडं साहित्य परवडणारं नव्हतं, तेव्हा पानं, बिया, शंख, खडे हेच साहित्य झालं.

एक सावधगिरी मात्र हवीच, विशेषतः आमच्या गावात. इथे द्राक्षांच्या दिवसांत घरोघरी घड येतात. देठावरून मणी तोडणं हे बोटांचं छान काम आहे, पण द्राक्ष गोल, गुळगुळीत आणि लहान मुलाच्या श्वासनलिकेत चपखल बसणारं. पाच वर्षांच्या आतल्या मुलाला द्यायचं तर उभं चार फोडी करून. शेंगदाणे, फुटाणे, कच्चे मटार हेही असेच घशात अडकू शकतात. घरात रांगतं बाळ असेल तर खेळ संपल्यावर फरशी झाडून घ्यायची. रिमोटमधला बटण सेल पोटात गेला तर दोन तासांतही अन्ननलिका भाजू शकते. तेव्हा घरगुती उपाय नको, थेट रुग्णालय गाठायचं.

(दृश्य: भरलेलं ताट. उभं राहून डोकावणारी लेक.)

दोन किलोंपैकी लेकीने सोलल्या एकोणीस शेंगा. मी मोजल्या. त्यातल्या शेवटच्या पाच नखाने उघडलेल्या.

उसळ शिजायला ठेवली. आजीने मिठाचा डबा पुढे केला. "चिमूटभर घाल गं, मूठभर नाही."

लेकीने तीन बोटं जुळवली, मीठ उचललं, पातेल्यावर नेऊन अलगद सोडलं. अगदी बेताचं, नेमकं चिमूटभर. आजीने माझ्याकडे बघितलं, मी आजीकडे. तेवढ्यात तिने तीच नेमकी चिमूट आणखी सहा वेळा घातली.

उसळ दह्याबरोबर खाल्ली.