पाय पाण्याबाहेर

(दृश्य : पहाट. नदीवर धुकं. काठावर उपडी घातलेली पांढरी होडी दोघं जण सुलटी करतात.)

होडीत चढताना आप्पा आधी डावा पाय आत टाकतात. मग वल्ह्यानं काठ रेटतात आणि उजवा पाय अगदी शेवटी उचलतात. चिखलातून पाय वर येतो, तळव्याचं पाणी निथळतं, होडी सुटते. एवढंच. पण हे बघण्यासाठी आमचं घर सहा वर्षं थांबलं होतं. आप्पा नदीवर आणि त्यांचे दोन्ही पाय पाण्याबाहेर.

आप्पा म्हणजे माझे वडील. भिलवडीच्या खालच्या अंगाला आमचं गाव. महाबळेश्वरला उगवलेली कृष्णा कराडला कोयनेला पोटात घेते आणि आमच्यापर्यंत येईतो चांगली रुंद झालेली असते. दोन्ही काठांना ऊस, उसात मोटारींचे पाइप आणि मधे हे संथ, हिरवट पाणी. आम्ही भोई. शेती नावाला, खरं घर नदीवरच चाललं.

आजोबांकडं होडी नव्हती. वाळवलेल्या भोपळ्यांची सांगड बांधून ते पाण्यात उतरायचे. गुऱ्हाळाच्या काहिलीत, म्हणजे उसाचा रस उकळायच्या मोठ्या कढईत, बसून नदी ओलांडणारी माणसं तर आमच्या भागात पुराच्या दिवसांत अजूनही दिसतात. लाकडी होडी घेतली ती आप्पांनी. दर उन्हाळ्यात तिला डांबर लावायचं काम माझ्याकडं होतं. उन्हानं फळ्या आकसायच्या, फटी पडायच्या. मग ती होडी दोन दिवस मुद्दाम पाण्यात बुडवून ठेवायची. फळ्या पाणी पिऊन फुगायच्या आणि फटी आपोआप मिटायच्या. लहानपणी मला हे नवल वाटायचं, की होडी तरंगायची असेल तर आधी तिला बुडवावं लागतं.

(दृश्य : घाटावरची लोखंडी कडी. गंजलेली. तिला दोराचा जुना तुकडा.)

ही कडी 2019 ची आठवण आहे. त्या ऑगस्टमध्ये सांगलीत आयर्विन पुलाजवळ पाणी 57 फुटांच्या वर गेलं. तिथं धोक्याची पातळी 45 फूट आहे, त्यावरून अंदाज येईल. आमचं घर रातोरात सोडावं लागलं. गुरं सोडली, कागदपत्रं घेतली, आईनं देव घेतले. होडी कडीला बांधलेली राहिली आणि दोर होता आखूड. पाणी चढत गेलं तशी होडी वर यायला बघत असणार, पण दोरानं तिला नाकाकडून खाली ओढून धरलं. पूर ओसरल्यावर आम्ही परत आलो तेव्हा कडी जागेवर होती, दोर होता आणि दोराला फळीचा हातभर तुकडा. आप्पा त्या तुकड्याजवळ किती वेळ उभे होते ते मला आठवतंय. म्हणाले, "दोर म्या आखूड बांधला." दुसरं काही बोलले नाहीत.

त्याच पुरात, 8 ऑगस्टला, जवळच्या ब्रह्मनाळला माणसांना बाहेर काढणारी बोट उलटली आणि कितीतरी जीव गेले. आमच्या घरात त्यानंतर होडीचं नाव निघालं नाही. आईनं काढू दिलं नाही.

मग आली ट्यूब. ट्रकच्या चाकाची ट्यूब फुगवायची, वर गोणपाट बांधायचं, त्यावर बसायचं आणि दोन हातांत दोन फळकुटं घेऊन पाणी मारत जायचं. आपल्याकडं धरणांवर, नद्यांवर हजारो माणसं असंच जाळं टाकतात. स्वस्त पडतं, खांद्यावर घेऊन चालता येतं. पण पाय मात्र पाण्यात लोंबत राहतात.

आणि आमच्या कृष्णेत मगरी आहेत.

(दृश्य : लांबून, वाळूच्या पट्ट्यावर ऊन खात पडलेली मगर. तोंड उघडं.)

जुनी माणसं हिला सुसरच म्हणतात. भिलवडी, औदुंबर, डिग्रज, पार सांगलीपर्यंत तिचा वावर. थंडी पडली की ऊन खायला काठावर येते, उन्हाळ्याच्या तोंडाला वाळूत खड्डा करून अंडी घालते आणि पावसाच्या आधी पिल्लं पाण्यात येतात. नदी तिचीही आहे, हे आप्पा मनापासून मानतात. पण फेब्रुवारीतल्या एका दुपारी ते ट्यूबवर असताना समोरच्या काठावरून ती पाण्यात घसरली आणि दिसेनाशी झाली. आप्पा सांगतात, "दिसत होती तवर भ्या नव्हतं. दिसंना झाली आन् पाय कुठं ठिवावं ते कळंना." त्यांनी पाय ट्यूबवर ओढून घेतले, तसे ते कलंडायला लागले. परत खाली सोडले. तो काठापर्यंतचा रस्ता त्यांनी मला एकदाच सांगितला. ट्यूब त्याच संध्याकाळी गोठ्यात टांगली गेली आणि आप्पा एका शेतकऱ्याच्या जॅकवेलवर, म्हणजे नदीचं पाणी उपसायच्या विहिरीवर, राखणीला जायला लागले. रोज नदी बघायची आणि हात लावायचा नाही. माणूस आतून वाळतो तसे ते वाळत गेले.

ही होडी मी घेतली ती गेल्या दिवाळीनंतर. ऊसबिलाचे पैसे आणि माझी थोडी शिल्लक. फायबरची, 12 फुटी, सपाट बुडाची. छोट्या हत्तीवरनं आली तेव्हा आळीतली पोरं मागनं धावत होती. आईनं नारळ फोडला, कृष्णामाईची ओटी भरली, पण होडीकडं बघितलं नाही. तिची अट एकच होती आणि ती मी पाळली. दोन केशरी लाईफ जॅकेटं होडीच्या आधी घरात आली.

तिसऱ्याच दिवशी बुडाशी पाणी दिसलं. बसायच्या फळीचे स्क्रू बुडातून आरपार गेले होते. बनवणाऱ्याला फोन केला तर म्हणाला, एकदा पाण्यात टाकली की आमचा संबंध नाही. मला फार वाईट वाटलं. यात माणसं बसणार असतात, याचा विचार करायला नको? शेवटी गावातल्या फायबरकाम करणाऱ्या पोरानं रेझिन आणि मॅट लावून भोकं बुजवली, दोन दिवस उन्हात वाळवली. आप्पा दोन्ही दिवस तिच्याजवळच बसून होते.

खरी अडचण पुढं होती. आप्पांना वल्हं मारता येईना.

लाकडी होडी जड. एक वल्हं मारलं की ती आपल्या वजनानं पुढं सरकत राहते. फायबरची हलकी. जोर लावला की पुढं जायच्या ऐवजी गर्रकन फिरते आणि वारा सुटला की आडवी वाहते. चाळीस वर्षांची सवय असलेले हात तिला जास्तीचे होत होते. पहिला आठवडा आम्ही डोहात गोल गोल फिरलो. मग त्यांनी वल्हं आखूड धरलं, फटका लहान केला आणि पुढच्या टोकाला दोन धोंडे ठेवले. होडी सरळ चालली. चौदा दिवस लागले. मी मोजले.

(दृश्य : आप्पांचे हात. जाळ्याचा आस, म्हणजे एकेक भोक, बोटांनी मोजतात. तरंगटाला चपलेच्या रबराचे तुकडे.)

तंगूसाचं, म्हणजे नायलॉनच्या धाग्याचं जाळं. आस चार बोटांचा. बारीक आसाचं जाळं बाजारात सहज मिळतं, त्यात मासळीही जास्त येते, पण ती पिल्लं असतात. आप्पांनी कधी घेतलं नाही. पावसाच्या तोंडाला मासे चढणीला लागतात, पोटात गाभोळी, म्हणजे अंडी, घेऊन वर निघतात, तेव्हाही आमच्या घरचं जाळं खुंटीला असतं.

होडी आली आणि डोहाचा मधला भाग आम्हाला परत मिळाला. ट्यूबवरून माणूस काठाजवळच राहतो, आणि मगर दबा धरते तीही काठालाच. मधे पाणी खोल. कटला वरच्या थरात खातो, रोहू मधल्या, मृगळ बुडाशी. जाळं कुठल्या थरात सोडायचं ते शिसाच्या वजनावर ठरतं. मरळ आणि वाम धरायची तर कडेची झुडपं, दगडांच्या कपारी. आणि चिलापी सगळीकडं. ती बाहेरून आणलेली जात. मादी अंडी तोंडात सांभाळते, म्हणून पिल्लं वाचतात आणि जिथं शिरली तिथं वाढत जाते. आप्पांच्या लहानपणी जाळ्यात दहा तऱ्हेचे मासे निघायचे. आता टोपलीत बघाल तर निम्म्याहून जास्त चिलापीच.

पहिल्या रात्री लावलेल्या जाळ्यात जलपर्णी आणि एक फाटकी साडी आली. दुसऱ्या रात्री तीन चिलापी. रोहू मिळाला तो पुढच्या आठवड्यात, दोन किलोच्या आसपासचा. तो सोडवताना बघा. मासा तसाच जोरानं मागं ओढायचा नाही, कल्ले अडकतात, जाळं फाटतं. डोक्यावरचा धागा नखानं उचलायचा, कल्ला अंगठ्यानं दाबून धरायचा आणि मासा अलगद सोडवून घ्यायचा. आप्पांची बोटं हे विसरली नव्हती. साफ मात्र काठावर करत नाहीत. वासानं मगर यायची. सगळा मासा घरी, परसात.

2023 च्या मार्चमध्ये खाली अंकलीजवळ कृष्णेत मेलेल्या माशांचा खच पडला होता. आप्पा तेव्हा नदीवर जात नव्हते, तरी मला घेऊन बघायला गेले. पाण्यातला प्राणवायू कमी झाला की मासे वर येऊन तोंड उघडझाप करतात. मरळीला हवेतून श्वास घेता येतो, ती तग धरते. बाकीचे बहुतेक नाही. पुलावरून खाली पांढरी पोटंच पोटं दिसत होती. आता रोज पहाटे जाळ्याला हात घालायच्या आधी ते ओंजळभर पाणी नाकाजवळ नेतात. मी विचारलं तर म्हणाले, "आधी तिची तब्येत बघावी."

(दृश्य : संध्याकाळ. घाटाची वरची पायरी. चिंचेचं झाड. होडी पाण्यात, लांब दोर.)

होडी आता कडीला बांधत नाही. वरच्या चिंचेला बांधतो. दोर साठ हात आहे, होडीबरोबरच आणला. पाणी चढलं तर होडीला वर यायला जागा राहावी म्हणून. गाठ आप्पांची, एक टोक ओढलं की सुटणारी.

काल आई दुपारची घाटावर आली. भाकरी आणि माशाचं कालवण पायरीवर ठेवलं, चिंचेपाशी गेली, गाठ हातात घेऊन उलटसुलट बघत राहिली. मग म्हणाली, "मला दावा. रात्री-अपरात्री पाणी आलं आन् तुम्ही दोघं नसला तर सोडाय यायला पायजे."

आप्पांनी गाठ सोडली. परत बांधली, सावकाश. आईनं दोर घेतला.