शब्दाखालची रेघ

(पडद्यावर: पुस्तकाचं पिवळसर पान. कॅमेरा अगदी जवळ.)

ही रेघ बघा. पेन्सिलची आहे, पण इतकी दाबून मारलेली की पानाच्या पाठीमागे तिचा वळ उठलाय. तिच्यावरचा शब्द मराठीत आणायचा तर ‘तथाकथित’. गोष्टीतला एक माणूस बोलण्याच्या ओघात तो वापरतो आणि पुढच्या मुद्द्याकडे वळतो. समोर उभ्या असलेल्या नायकाला काही खटकत नाही. वाचकांना खटकलं. 1994 साली छापलेल्या या शब्दाभोवती जो वाद पेटला, तो 2013 पर्यंत धुमसत होता.

(पडद्यावर: टेबलावर रचलेले चौदा खंड, खालून वर.)

रॉबर्ट जॉर्डन या अमेरिकी लेखकाची ‘द व्हील ऑफ टाइम’ ही कादंबरीमालिका. सगळ्यात खाली 1990 चा पहिला खंड, सगळ्यात वर 2013 चा चौदावा. काहींचे कणे मोडून पांढरे पडलेत. दोन पुस्तकांना खाकी कागदाचं कव्हर आहे, शाळेच्या वह्यांना घालतात तसं. पुण्यातल्या एका बहीण-भावाची ही पुस्तकं. थोडी नवी घेतलेली, बरीचशी जुन्या पुस्तकांच्या ढिगातून शोधून आणलेली. रेघ ताईची आहे. तिच्या शेजारी समासात बारीक प्रश्नचिन्ह दिसतंय, ते धाकट्या भावाचं.

काळाचं चक्र, फिरून येणारी युगं, पुन्हा जन्माला येणारा वीर. यातलं काहीच आपल्याला उलगडून सांगावं लागत नाही. जॉर्डननी याच कल्पनेवर आपली सृष्टी उभी केली. तीन हजार वर्षांपूर्वी तिथली तेरा मोठी माणसं अंधाराच्या बाजूला गेली. त्यांच्यात सेनापती होते, वैद्य होती, तत्त्वज्ञ होता, संगीतकार होता. अंधाराच्या स्वामीला बंदिस्त केलं तेव्हा तेही त्याच्याबरोबर आत अडकले. लोक त्यांना ‘फॉरसेकन’ म्हणतात, म्हणजे टाकून दिलेले. ते स्वतःला निवडलेले म्हणवतात.

गोष्ट सुरू होते तेव्हा त्या तुरुंगावरच्या मुद्रा झिजत आल्यात आणि हे लोक एकेक करून बाहेर पडतायत. चेहरा बदलून, नाव बदलून. एक जण राणीचा लाडका सरदार होऊन बसतो. एक बंदराच्या शहरात उमराव होतो. एक गावोगाव गोष्टी सांगत फिरणारा कलावंत होतो. दोन-तीन खंडांतच वाचकाला सवय लागते: नवं कोणी आलं की आधी त्याच्याकडे संशयाने बघायचं. ही सवय वाचकांनी बाहेरून आणलेली नाही. ती लेखकाने लावली.

(पडद्यावर: घरातल्या कोठीच्या खोलीचं दार. अर्धवट उघडं. आत अंधार.)

हे दार बहीण-भावाच्या घरातलं आहे. आत डबे आहेत, गव्हाची कोठी आहे. पण 1993 साली आलेल्या पाचव्या खंडात, ‘द फायर्स ऑफ हेवन’मध्ये, असंच एक दार आहे.

ॲस्मोडियन हा त्या तेरा जणांमधला संगीतकार. नायक रँडने त्याला पकडून आपला शिक्षक करून ठेवलंय. त्या दिवशी केमलिन शहरातल्या राजवाड्यावर हल्ला होतो, आणि विजेच्या लोळात ॲस्मोडियन मरतो. होय, मरतो. मग रँड ती वीज पाडणाऱ्या राहविनला, तेरांपैकीच एकाला, अशा अग्नीने जाळतो की राहविनने नुकतीच केलेली कृत्यंही काळातून पुसली जातात, आणि मेलेले उठून उभे राहतात. त्यांत ॲस्मोडियनही असतो. लढाई संपते. तो राजवाड्यात हिंडतो, जरा बरी वाइन मिळेल म्हणून कोठीकडे जाणारं एक छोटं दार उघडतो. पांढराफटक पडतो. “तू? नाही!” एवढंच त्याच्या तोंडून निघतं, आणि मृत्यू त्याला गाठतो. एकाच दिवसात दुसऱ्यांदा.

कोणी मारलं? पुस्तक सांगत नाही. प्रसंग तिथेच तुटतो.

(पडद्यावर: भिंतीवर चिकटवलेली पुठ्ठ्याची कार्डं. भाऊ एकेक सरळ करतोय.)

ही कार्डं लग्नपत्रिकांच्या कोऱ्या बाजू आहेत. प्रत्येकावर एक संशयित. ही पद्धत या घराने शोधलेली नाही. 1990 च्या दशकात इंटरनेट अजून रांगत होतं, तेव्हा अमेरिकेतल्या आणि इतर देशांतल्या वाचकांनी न्यूजग्रुपवर, म्हणजे इंटरनेटवरच्या चर्चागटांवर, हीच चाळणी लावली होती. आधी प्रश्न ठरवायचे. ॲस्मोडियनने बघताक्षणी ओळखावं असं कोण? ज्याला बघून त्याने घाबरावं असं कोण? त्या दिवशी त्या राजवाड्यात पोचण्याचा मार्ग कोणाला ठाऊक होता?

बघा, एकेक कार्ड कसं उतरतं. मोगेडियन, तेरांपैकीच एक: त्याच खंडाच्या शेवटी ती दुसऱ्यांच्या कैदेत आहे. कार्ड खाली. लॅनफिअर, तीही तेरांतलीच: जरा आधीच एका जादूच्या चौकटीतून कोसळून नाहीशी झालीय. कार्ड तिरकं, पण अजून भिंतीवर, कारण तिचं प्रेत कोणी पाहिलेलं नाही. स्लेयर: स्वप्नातून येऊन मारणारा मारेकरी. राहतो. आणि हे खालचं कार्ड, ज्यावर घोडी काढलीय, ती बेला. पहिल्या खंडापासून निमूट चालणारी केसाळ घोडी. जगभरच्या वाचकांनी तिलाही लाडाने संशयितांच्या यादीत बसवलं होतं. इथेही ती आहे.

हे कार्ड मात्र थोडं थांबून बघा. ग्रेंडाल. याच पाचव्या खंडाच्या सुरुवातीला चार फॉरसेकन एकत्र बसून रँडला अडकवण्याचा कट करतात: राहविन, लॅनफिअर, समाएल आणि ग्रेंडाल. कुठे बसतात? केमलिनच्या त्याच राजवाड्यात. शेवटी पोचेपर्यंत चौघांपैकी राहविन जळाला, लॅनफिअर नाहीशी झाली. उरले दोन. आपला साथीदार गप्प का झाला, हे बघायला त्याच्या घरी कोण जाईल? सहाशेहून अधिक पानांवर पसरलेली दोन टोकं कोणीतरी धीराने एकत्र आणली, तेव्हा हे नाव हाती लागलं. या वाचकांना रिकामटेकडे म्हणणारे बरेच भेटतात. त्यांनी हे दोन प्रसंग शेजारी ठेवून एकदा वाचावेत.

जॉर्डनना हा प्रश्न वर्षानुवर्षं विचारला गेला. पुस्तकावर सही घ्यायला आलेला माणूस हळूच विचारायचाच. उत्तर ठरलेलं: वाचा आणि शोधा. खुणा पुस्तकात आहेत, नीट पाहणाऱ्याला दिसतील, असंही ते सांगत. त्यांचं खरं नाव जेम्स ऑलिव्हर रिग्नी ज्युनिअर. व्हिएतनाम युद्धात हेलिकॉप्टरवर गनर होते. परत येऊन चार्ल्स्टनच्या ‘द सिटाडेल’ या लष्करी महाविद्यालयात भौतिकशास्त्र शिकले, मग अमेरिकी नौदलासाठी अणुअभियंता म्हणून काम केलं. त्यांच्या पत्नी हॅरिएट मॅक्डूगल याच त्यांच्या संपादक. त्या घरातून बाहेर पडलेल्या वाक्यातला एखादा शब्द उगाच पडला असेल, हे वाचकांना पटत नव्हतं. मलाही पटत नाही.

(पडद्यावर: पुन्हा पहिलं पान. रेघ. शेजारचं प्रश्नचिन्ह.)

आता या शब्दाकडे येऊ.

सहावा खंड, ‘लॉर्ड ऑफ केऑस’. सुरुवातीलाच तेरांपैकी एक, डेमँड्रेड, अंधाराच्या स्वामीपुढे हजर होतो आणि त्याला आज्ञा मिळते: गोंधळाच्या राजाला राज्य करू दे. डेमँड्रेड म्हणजे जुन्या युगातला थोर योद्धा, पण आयुष्यभर ल्यूज थेरिन या वीराच्या मागे, दुसरा. ती एक पायरी त्याला जाळत राहिली. तोच ल्यूज थेरिन आता रँड होऊन जन्माला आलाय.

आज्ञा घेऊन डेमँड्रेड निघतो. कुठे जातो, ते लेखक दाखवत नाही.

आणि थोड्याच पानांनी रँडच्या दारात एक अनोळखी माणूस येतो: माझ्रिम ताईम. सालडेया या देशात स्वतःला अवतार म्हणवून लढलेला, पकडला गेलेला, निसटलेला. भेट म्हणून तो काय आणतो? अंधाराच्या तुरुंगावरच्या सात मुद्रांपैकी एक. आता अभय मिळालंय म्हणतो आणि सेवा देऊ करतो. रँड त्याच्या हाती जादू शिकणाऱ्या पुरुषांची पूर्ण छावणी सोपवतो.

याच ताईमच्या तोंडी तो शब्द आहे. रँडभोवतीच्या एइल योद्ध्यांना तो ‘तथाकथित एइल’ म्हणतो.

आता बघा. एइल म्हणजे वाळवंटातले कडवे लढवय्ये. त्या काळातल्या कोणालाही विचारा, एइल म्हटलं की भाला. पण तीन हजार वर्षांपूर्वीचे एइल वेगळे होते. ते शस्त्राला हात लावत नसत. अहिंसा हे त्यांचं व्रत होतं. म्हणजे भाले घेतलेल्या या माणसांना ‘तथाकथित’ कोण म्हणेल? ज्याने खरे एइल स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेत, तो. ताईमचं वय तर जेमतेम पस्तिशीच्या आसपास वाटतं.

(पडद्यावर: ताई वहीत डावीकडे एक, उजवीकडे एक अशी नोंद करतेय. हाताचा क्लोजअप.)

वहीचं पान दोन भागांत आहे. डावीकडे डेमँड्रेड, उजवीकडे ताईम. दोघांचंही नाक बाकदार. रँडच्या डोक्यात ल्यूज थेरिनचा जुना आवाज बोलतो, आणि ताईम समोर आला की तो आवाज पिसाळतो: मार त्याला, आत्ता मार. ताईम कधी मोकळं हसत नाही, हसू ओठांशी येऊन थांबतं. आणि खंडाच्या शेवटी, ताईमच्या माणसांनी एका लढाईत भयानक कत्तल केल्यावर, डेमँड्रेड आपल्या स्वामीपुढे पुन्हा उभा राहतो आणि विचारतो: मी चांगलं काम केलं ना?

कोणतं काम? पूर्ण खंडात डेमँड्रेड कुठेही काही करताना दिसलेला नाही. वाचकांनी दोन नावं जोडून एक नाव केलं, ‘ताईमँड्रेड’. खरा ताईम वाटेत मारला गेला आणि डेमँड्रेड त्याचा चेहरा घालून आला, असा तर्क.

(भावाचा बाइट: “बाकदार नाक अर्ध्या सालडेयाला असतं, ताई.”)

(ताईचा बाइट: “नाक सोड. शब्द बघ.”)

पुढे जॉर्डननी स्वतःच सांगून टाकलं: ताईम म्हणजे डेमँड्रेड नव्हे. एरवी वाचा आणि शोधा म्हणणारा माणूस इथे सरळ नाही म्हणाला. कितीतरी वाचकांना तेव्हा वाटलं, आणि आजही वाटतं, की आधी बेत तोच होता, वाचकांनी ओळखला म्हणून बदलला. मी लेखकाचा शब्द मानतो. पण वहीतलं हे पान त्याने खोटं पडत नाही. यातली एकही नोंद मनाने रचलेली नाही. प्रत्येक पुस्तकात आहे, पानावर बोट ठेवून दाखवता येते.

(पडद्यावर: अकरावा खंड, ‘नाईफ ऑफ ड्रीम्स’, 2005. मुखपृष्ठ. मग बारावा, 2009. त्याच्यावर दोन लेखकांची नावं. इथे चाळीस सेकंद निवेदन नाही. फक्त पंख्याचा आवाज. तळाशी अक्षरं: रॉबर्ट जॉर्डन, 17 ऑक्टोबर 1948 – 16 सप्टेंबर 2007.)

उरलेले तीन खंड जॉर्डन यांच्या टिपणांवरून ब्रँडन सँडरसन यांनी लिहिले. 2010 च्या ‘टॉवर्स ऑफ मिडनाइट’मध्ये कोठीच्या दारामागचं नाव आलं, तेही पुस्तकाच्या शेवटी जोडलेल्या शब्दसूचीत, एका ओळीत: ग्रेंडाल. 2013 मध्ये डेमँड्रेडही सापडला. तो दूर पूर्वेकडच्या शारा देशात राजा होऊन बसला होता, सैन्य जमवत होता. ताईम अंधाराच्याच बाजूचा निघाला. फक्त तो ताईमच होता.

(पडद्यावर: संध्याकाळ. भाऊ भिंतीवरची कार्डं काढून रबर लावतोय. घोडीचं कार्ड तो तसंच ठेवतो.)

ताईने सहावा खंड पुन्हा हातात घेतलाय. तिला सगळी उत्तरं माहीत आहेत. पान शोधायला तिला वेळ लागत नाही, पुस्तक तिथेच आपसूक उघडतं.

(ताईचा बाइट: “ठीक आहे, तो डेमँड्रेड नव्हता. मग ‘तथाकथित’ का म्हणाला?”)