मॅग्नेटाइटच्या कणात या पट्ट्या आल्या कुठून?

नमस्कार मंडळी. सीना नदीच्या वाळूत चुंबक फिरवला, तर हे बघा, काळे कण झुपक्याने चिकटले. बहुतेक टायटॅनियमवालं मॅग्नेटाइट, म्हणजे लोहाचं चुंबकीय ऑक्साइड. सोलापूरच्या पोटात जो काळा पाषाण आहे, सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीचा लाव्हा, तो झिजून हे सुटलेत.

पण आजची गंमत या वाळूत दिसायची नाही. त्यासाठी ताजा दगड कापून, चकचकीत घासून, परावर्तित प्रकाशाच्या सूक्ष्मदर्शकाखाली धरावा लागतो. स्क्रीनवर बघा. कणाच्या आरपार सरळ, बारीक पट्ट्या, तीन दिशांनी, साठ अंशांत एकमेकींना छेदणाऱ्या. नुसते त्रिकोण! सूक्ष्मदर्शकाचे दोन ध्रुवक, म्हणजे एकाच दिशेत कंप पावणारा प्रकाश जाऊ देणाऱ्या चकत्या, एकमेकांना काटकोनात लावून दगड ठेवलेला मंच फिरवला, की पट्ट्या उजळतात, मंदावतात. मॅग्नेटाइट मात्र काळंच राहतं. या पट्ट्या इल्मेनाइटच्या, म्हणजे लोह आणि टायटॅनियमच्या एका ऑक्साइडच्या.

आल्या कुठून? ठरलेलं उत्तर असतं, ‘गरम असताना एकजीव होतं, गार होताना वेगळं झालं.’ मला हे उत्तर अर्धवट वाटतं, कारण मॅग्नेटाइटमध्ये इल्मेनाइट इतकं मुरतच नाही. एकजीव होतं ते उल्व्होस्पिनेल, म्हणजे लोह आणि टायटॅनियमचं दुसरं ऑक्साइड. साधारण ६०० अंश सेल्सिअसच्या खाली, गार होणं अगदी सावकाश असेल, तर तेही वेगळं होतं. पण मॅग्नेटाइटच्या स्फटिकातल्या घनाकृती (ठोकळ्यासारख्या) पृष्ठांना समांतर. मग जी नक्षी उमटते ती विणलेल्या कापडासारखी. चादरीच्या गावात ताणा-बाणा कशाला समजावून सांगू!

इल्मेनाइटला मात्र ऑक्सिजन लागतो. १९६४ साली बडिंग्टन आणि लिंड्सली या भूवैज्ञानिकांनी हे प्रयोगांनिशी मांडलं. उल्व्होस्पिनेलचे सहा रेणू आणि ऑक्सिजनचा एक, यातून सहा इल्मेनाइट आणि दोन मॅग्नेटाइट. हिशोब करून बघा, लोहाचा एक अणूही कमी-जास्त होत नाही.

आणि त्रिकोणच का? मॅग्नेटाइटच्या अष्टफलकी पृष्ठांवर ऑक्सिजनचे अणू ज्या दाटीने बसलेत, जवळपास तशीच दाटी इल्मेनाइटच्या तळपृष्ठावर असते. नवा स्फटिक तिथेच सहज जुळतो. अशा पृष्ठांच्या दिशा चार. त्यातल्या एकीला समांतर काप घेतला, की उरलेल्या तिन्हींचे त्रिकोण दिसतात. काप घनाच्या पृष्ठाला समांतर गेला, तर तोच कण चौकटी दाखवतो. फोटो बघून लगेच निष्कर्ष काढणाऱ्यांनी एवढं ध्यानात ठेवा, बरं का.

प्रत्येक लाव्हाप्रवाहात हे सापडेलच असं नाही. झटकन थिजलेल्या भागात कण एकजीवच राहतो, आणि टायटॅनियम भरपूर असेल तर २०० अंशांच्या आसपासच चुंबकत्व सोडतो. पट्ट्या पडल्या, की टायटॅनियम इल्मेनाइटमध्ये जातं, उरलेलं मॅग्नेटाइट शुद्ध होत जातं आणि तीच मर्यादा ५८० अंशांकडे सरकते. शिवाय कणाचे बारीक कप्पे होतात, त्यामुळे जुनं चुंबकत्व अधिक घट्ट टिकतं. दख्खनच्या दगडातून पृथ्वीच्या आजच्या उलट असलेल्या जुन्या चुंबकीय दिशेची नोंद वाचायची, तर आधी कणात पट्ट्या आहेत की नाहीत हे बघावं लागतं.