रेल्वे रुळाखालून पाइप न्यायचाय? नकाशा काढायच्या आधी हे बघा

नमस्कार मंडळी! मागे गाडीचा आवाज येतोय ना? मी हडपसर स्टेशनच्या जवळ, रेल्वेच्या हद्दीबाहेर उभा आहे. हद्दीबाहेर हे मुद्दाम सांगतो, कारण परवानगीशिवाय आत पाऊल टाकणं हा रेल्वे कायदा १९८९ च्या कलम १४७ खाली गुन्हा आहे. सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. मोजमाप घ्यायला टेप घेऊन गेलो होतो म्हटलं, तरी सुटका नाही.

सोसायटीची पाण्याची लाइन, गॅसची पाइप, विजेची केबल, इंटरनेटची फायबर, काहीही असो, रूळ ओलांडायचे असतील तर महापालिकेची रस्ते खोदाईची परवानगी रेल्वेच्या हद्दीपाशी संपते. पुढची जमीन रेल्वेची. अर्ज जातो मध्य रेल्वेच्या पुणे विभागाकडे, पुणे स्टेशनजवळच्या डीआरएम, म्हणजे विभागीय रेल्वे व्यवस्थापकांच्या ऑफिसात, इंजिनिअरिंग शाखेकडे. या परवानगीला तिथे ‘वे-लीव्ह’ म्हणतात. म्हणजे वाट वापरायची मुभा, जमिनीवर हक्क नाही. उद्या तिसरी लाइन टाकायची ठरली आणि तुमची पाइप आड आली, तर ती तुमच्याच खर्चाने हलवावी लागू शकते. करारावर सही करण्याआधी ते कलम वाचा.

आता सगळ्यात महत्त्वाचं. जागा सांगायची कशी? ‘अमुक चौकाच्या मागे’ असं लिहिलेला अर्ज परत येतो. माझाही एकदा आला होता आणि त्या पायी आमच्या कामाचा अख्खा उन्हाळा गेला. रेल्वेची भाषा किलोमीटर आणि खांबाची. वीजवाहक तारांच्या प्रत्येक खांबावर आकडे असतात, उदाहरणार्थ १८५/१२, म्हणजे किलोमीटर १८५, बारावा खांब. मुंबई-पुणे मार्गाची मोजणी मुंबईपासून होते. नकाशावर हाच आकडा हवा.

पण नकाशा पक्का करायच्या आधी संयुक्त पाहणी मागून घ्या. रुळांचे पी-वेवाले, ओव्हरहेड तारांचे टीआरडीवाले आणि सिग्नल-टेलिकॉमवाले, तिघेही जागेवर आले पाहिजेत. सिग्नलच्या केबल रुळालगत जमिनीत असतात. फावड्याने एक तुटली तरी सिग्नल बिघडतो, गाड्या खोळंबतात, आणि ऑफिसला निघालेली शेकडो माणसं फलाटावर ताटकळतात. वर तारांमध्ये २५ हजार व्होल्ट. क्रेनचा हात उचलायचा असेल तर पॉवर ब्लॉक, म्हणजे तारांमधली वीज ठरावीक वेळ बंद ठेवायची मंजुरी, मिळाल्याशिवाय नाही, म्हणजे नाही.

रूळ उकरून पाइप टाकायची कल्पना सोडून द्या. आडवं ड्रिलिंग किंवा पाइप पुशिंग, म्हणजे रूळ न उकरता बाजूने पाइप जमिनीतून ढकलत नेणं, हेच मार्ग. आपल्या पुण्याच्या मातीखाली कातळ लागतो, म्हणून आधी चाचणी बोअर घ्या. नाहीतर मशीन अर्ध्यात अडकलं तर रुळांखालच्या मातीच्या भरावाखाली पोकळी राहील, आणि वरून गाड्या धावतायत.

पाण्याची पाइप नेहमी मोठ्या केसिंग पाइपच्या आतून न्यायची. का? आतली फुटली तर पाण्याने भराव वाहून जाऊ नये, आणि पाइप बदलायची झाली तरी रुळांना हात लागू नये. दोन्ही बाजूंना झडपाही ठेवा. फुटली की पाणी तिथल्या तिथे बंद करता आलं पाहिजे. हा खर्च वाचवू नका, कळकळीने सांगतो.

पैसे? वे-लीव्हचे आकार, देखरेखीचे आकार, शिवाय अनामत. दर जागेनुसार आणि कामानुसार बदलतात, म्हणून मागणीपत्र हातात आल्याशिवाय सोसायटीच्या सभेत आकडा सांगू नका. आणि पैसे भरले म्हणजे काम सुरू, असंही नाही. रेल्वेचा पर्यवेक्षक जागेवर हजर असेल तेव्हाच मशीन चालू.

काम झालं की प्रत्यक्षात पाइप किती खोल आणि कुठून गेली, त्याचा नकाशा रेल्वेला द्या. हद्दीच्या दोन्ही बाजूंना खुणेचे दगड लावा. दहा वर्षांनी तिथे दुसरा कुणीतरी खोदायला येणारच आहे.