स्क्रीनवर विचारलं, बरं मग पुढे?

नमस्कार मंडळी, आज आरोग्याबद्दलच बोलायचंय पण गोळ्या-इंजेक्शनबद्दल फारसं नाही, तर पेशंटच्या घरच्या अडचणी दवाखान्यानं स्क्रीनवर विचारण्याबद्दल.

समजा एक डायबिटीसचा पेशंट आहे, डॉक्टरांनी इन्सुलिन लिहून दिलं, फ्रिजमध्ये ठेवा म्हणाले, आणि इकडे घरची लाइट बिल थकलं म्हणून कापलेली. म्हणजे इन्सुलिन खराब होणार, शुगर वाढणार, डॉक्टर डोस वाढवणार, परत शुगर वाढणार, सगळे म्हणणार पेशंट पथ्य पाळत नाही, आणि पेशंट गप्प, कारण त्याला कुणी विचारलंच नाही आणि स्वतःहून सांगायला लाज वाटते. तर राहायला घर, पोटाला खाणं, लाइट-पाणी, दवाखान्यापर्यंत जायची सोय, घरात मारहाण होते का, याला म्हणतात पेशंटच्या सामाजिक गरजा. हे काही आत्ताचं खूळ नाही, जागतिक आरोग्य संघटनेनं २००५ मध्येच यावर आयोग नेमला होता, मायकल मार्मट त्याचे अध्यक्ष, २००८ मध्ये रिपोर्टसुद्धा आला.

मग टेक्नॉलॉजी यात कुठे येते? पहिली गोष्ट म्हणजे विचारण्यात. दवाखान्यात वेटिंगमध्ये बसलात की काही ठिकाणी हातात टॅबलेट देतात, गोळी नव्हे, मोठ्या मोबाइलसारखी स्क्रीन, त्यावर चार-पाच प्रश्न. अमेरिकेत उपासमार ओळखायला फक्त दोन प्रश्न वापरतात, गेल्या वर्षभरात पैसे येण्याआधी खाणं संपेल अशी काळजी वाटली का, आणि खरंच संपलं आणि परत आणायला पैसे नव्हते असं झालं का. दोन्हींपैकी एकालाही "कधी कधी" म्हणालात तरी धोका धरतात. एवढंच! आणि गंमत बघा, मारहाण किंवा व्यसन अशा गोष्टी लोक समोरच्या माणसापेक्षा स्क्रीनला जास्त मोकळेपणानं सांगतात असं दिसून आलंय, कारण स्क्रीन भुवया उंचावत नाही.

उत्तर आलं की ते पेशंटच्या फाइलमध्ये नोंदवायचं, त्यासाठी कोडही आहेत, आजारांना असतात तसेच. आजारांच्या आंतरराष्ट्रीय यादीत (आयसीडी-१०) झेड ५५ ते झेड ६५ हे सगळे परिस्थितीचे कोड, त्यातला झेड ५९ घर आणि पैशाच्या अडचणींचा. म्हणजे न्यूमोनिया जसा रेकॉर्डवर येतो तसं बेघर असणंही येतं, आणि मला हे पटतं, कारण रेकॉर्डवर नसलेली गोष्ट हॉस्पिटलच्या हिशोबात नसतेच. पण डॉक्टर लोक हे कोड फार कमी टाकतात, वेळ नसतो आणि टाकून मिळतं काय हाही प्रश्न आहेच.

इथपर्यंत सगळं सोपं आहे हो, खरी अडचण पुढे. अमेरिकेच्या सरकारनं २०१७ ते २०२२ एक मोठा प्रयोग केला, सरकारी विमा असलेल्या लोकांना घर, खाणं, प्रवास, लाइट-पाणी आणि सुरक्षितता या पाच गोष्टी विचारायच्या, आणि ज्यांना गरज आहे आणि जे वारंवार इमर्जन्सीत येतात त्यांना एक माणूस जोडून द्यायचा जो संस्था शोधून देईल. बहुतेकांनी मदत हवी म्हणून सांगितलं. आणि पहिल्या रिपोर्टमध्ये काय निघालं, तर ज्यांच्याबरोबर वर्षभर असा माणूस होता त्यांच्यापैकी फक्त १४ टक्के लोकांची एखादी तरी गरज भागल्याची नोंद होती. चौदा! बाकीच्यांचं काय झालं तर काहींचा संपर्क तुटला, काहींना संस्थेचा नंबर मिळाला पण तिथे वेटिंग लिस्ट, आणि स्वस्त घर मुळात शिल्लकच नसेल तर सॉफ्टवेअर ते कुठून आणणार? तरी एक गोष्ट मात्र झाली, ज्येष्ठांच्या सरकारी विम्यातल्या एका गटात इमर्जन्सीच्या फेऱ्या ९ टक्क्यांनी कमी झाल्या, म्हणजे सगळं वाया गेलं असंही नाही. नुसतं कुणीतरी फोन करून विचारपूस करतंय याचाही फरक पडत असावा, हे आपलं माझं मत.

अजून एक किस्सा सांगतो, अमेरिकेतल्याच फिलाडेल्फिया शहराचा. पेशंट अपॉइंटमेंट चुकवतात कारण गाडी नाही, असं सगळे धरून चालतात, मग तिथल्या संशोधकांनी ॲपवरच्या टॅक्सीची राइड फुकट देऊ केली. निकाल २०१८ मध्ये छापून आला. राइड देऊ केलेल्यांपैकी ३६.५ टक्क्यांनी अपॉइंटमेंट चुकवली, न दिलेल्यांपैकी ३६.७ टक्क्यांनी. फरक शून्यच म्हणा की! बऱ्याच जणांनी राइड घेतलीच नाही. कुणाला कामावरून सुट्टी मिळत नसेल, कुणाच्या घरी लहान मूल सांभाळायला कोणी नसेल, अडचण गाडीचीच आहे हे आपण परस्पर ठरवून टाकलं ना.

म्हणून मला इंग्लंडची पद्धत जरा जास्त आवडते, तिथे २०१९ पासून सरकारी दवाखान्यांना जोडून लिंक वर्कर म्हणून माणसं नेमलीत, डॉक्टर पेशंटला त्यांच्याकडे पाठवतात आणि ते आधी निवांत बसून ऐकतात की बाबा तुला नक्की काय हवंय. कॉम्प्युटर असतो, पण नोंदीपुरता.

आता सॉफ्टवेअरनं एक काम मात्र चोख करावं, ते म्हणजे उलट निरोप. दवाखान्यानं पेशंटला संस्थेकडे पाठवलं, तो पोचला का, त्याला मदत मिळाली का, हे डॉक्टरच्या स्क्रीनवर परत दिसलं पाहिजे. बऱ्याच ठिकाणी हेच होत नाही, संस्थेत दोन माणसं काम करणारी, त्यांना तीन हॉस्पिटलांची तीन वेगळी पोर्टलं, तीन पासवर्ड, ते बिचारे धान्य वाटणार का डेटा भरणार?

आणि जाता जाता, मारहाणीच्या प्रश्नाचं उत्तर फाइलमध्ये गेलं आणि ती फाइल जिथे दिसते त्या पेशंटच्या ॲपचा पासवर्ड नवऱ्याकडे असला तर? असं होऊ शकतं, म्हणून ती नोंद ॲपवर लपवायची सोय हवी आणि ती वापरायला स्टाफला शिकवायलाही हवं. तेव्हा तुमच्या हातात कधी असा टॅबलेट आला तर उत्तरं भरायच्या आधी बिनधास्त विचारा, हे कोण कोण बघणार आणि मी हो म्हटलं तर मला फोन कोण करणार. आणि एखादा प्रश्न नको वाटला तर सोडून द्या, तुमचे उपचार त्यावाचून अडता कामा नयेत.