पैशाचं सोंग: रोम, व्हँडल आणि कार्थेज

इसवी सन 429. व्हँडल नावाचे जर्मानिक लोक स्पेनमधून समुद्र ओलांडून आफ्रिकेत उतरले. बायका, मुलं, म्हातारे, गुलाम धरून आकडा सांगितला जातो 80,000. लढणारे त्याहून कितीतरी कमी. राजा होता गायसेरिक. रोमशी तह झालेला असताना, 19 ऑक्टोबर 439 रोजी, त्यानं बेसावध कार्थेजवर झडप घातली.

रोमन साम्राज्याचे तेव्हा पूर्व आणि पश्चिम असे दोन भाग होते. आजच्या ट्युनिसजवळचं हे शहर आणि त्याच्या मागचा सुपीक मुलूख म्हणजे पश्चिम रोमची दुभती गाय. इथलं धान्य आणि तेल रोमला जायचं, इथल्या महसुलावर फौज पोसली जायची. कार्थेज गेलं म्हणून रोमन शिपाई काही रातोरात भित्रा झाला नाही. त्याला पोसणारा पैसा आटला. सम्राट तिसऱ्या व्हॅलेंटिनियनचा 444 सालचा कायदा आजही वाचायला मिळतो. त्यात दरबार स्वतःच कबूल करतो, की करदाते पिळून निघालेत. नव्या भरतीचं सोडाच, जुन्या सैन्याच्या अन्नवस्त्रापुरतंही जमत नाही. सगळी सोंगं आणता येतात, पैशाचं आणता येत नाही.

468 मध्ये पूर्व रोमनं आफ्रिका परत घ्यायला 1,000 हून अधिक जहाजांचं आरमार धाडलं. गायसेरिकनं पाच दिवसांची मुदत मागितली. सेनापती बॅसिलिस्कसनं ती दिली, आणि तेवढ्यात वारा फिरला. व्हँडलांनी रिकामी गलबतं पेटवून वाऱ्यावर सोडली. दाटीवाटीनं उभ्या असलेल्या आरमारात आग शिरली. आठ वर्षांनी इटलीत पश्चिम रोमचा शेवटचा सम्राट रोम्युलस ऑगस्टुलस गादीवरून उतरवला गेला.

मग विजयी व्हँडलांचं पुढे काय झालं? प्रोकोपियस हा इतिहासकार पूर्व रोमचा सेनापती बेलिसारियसबरोबर आफ्रिकेच्या मोहिमेत स्वतः होता. तो लिहितो, की व्हँडल रोज स्नानगृहात जात, रेशीम नेसत, बागांमध्ये मेजवान्या झोडत. ऐषाराम आला आणि मनगट गेलं, ही गोष्ट सगळ्यांना पटकन पटते. मला ती अपुरी वाटते. त्याच प्रोकोपियसनं त्याहून मोलाच्या गोष्टी नोंदवल्या आहेत. रोमन परत आले तर त्यांना आसरा नको, म्हणून गायसेरिकनं आफ्रिकेतल्या बहुतेक शहरांचे तट पाडून टाकले होते. कार्थेजचे राहिले, पण डागडुजीअभावी ढासळले. व्हँडल घोडेस्वार भाला-तलवारीचे. धनुर्विद्या त्यांना जमतच नव्हती. आणि 533 साली बेलिसारियस सुमारे 15,000 सैन्य घेऊन उतरला, तेव्हा राजा गेलिमरचे 5,000 निवडक लोक व्हँडलांच्याच ताब्यातल्या सार्डिनिया बेटावरचं बंड मोडायला गेलेले होते.

13 सप्टेंबर. कार्थेजपासून दहाव्या मैलाच्या दगडाजवळ गाठ पडली. गेलिमरनं रोमन घोडदळाची एक आघाडी उधळली. पाठलाग केला असता तर बेलिसारियसचा टिकाव लागला नसता, असं प्रोकोपियस म्हणतो. पण वाटेत गेलिमरला धाकट्या भावाचं, अम्माटासचं प्रेत दिसलं. तो थांबला. शोक करत अंत्यविधीला लागला. विखुरलेल्या रोमनांना सावरायला तेवढा अवधी पुरला.

तटच धड नसलेल्या कार्थेजमध्ये गेलिमर थांबूच शकला नाही. डिसेंबरमध्ये दुसरी लढाई हरल्यावर तो डोंगरात पळाला आणि 534 मध्ये शरण आला. पकडलेल्या व्हँडलांमधून सम्राट जस्टिनियननं घोडदळाची पथकं उभी केली, आणि इराणशी लढायला त्यांना पूर्व सरहद्दीवर पाठवून दिलं.